कुबड्या टोचतात? आधी माप, मग कापड

प्लास्टर पायाला असतं आणि माणूस तक्रार काखेची करतो. मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते, त्यामुळे हे दृश्य पाठ झालंय: कुबड्या भिंतीला टेकवलेल्या, त्यांच्या डोक्यावर जुना टॉवेल गुंडाळून सुतळीने आवळलेला, आणि पलंगावरून आवाज येतो, "टोचतात हो फार." टॉवेल सोडून बघावं तर कुबडी चांगली दोन भोकं उंच निघते. शेजाऱ्यांच्या माळ्यावरून आलेली, त्यांच्या सहा फुटी मुलाच्या मापाची.

टॉवेल जितका जाड, तितकं काखेवर लटकणं सोपं, आणि लटकलात की दुखणं वाढणारच. म्हणून खालचा क्रम मोडू नका. कापड फार उशिरा येतं, आठव्या टप्प्यात.

हे सगळं एका पायाच्या दुखापतीसाठी आहे: घोटा, नडगी, गुडघा, पावलाचं हाड. दोन्ही पाय किंवा हातही दुखावला असेल, चक्कर येत असेल, तर कुबड्यांपेक्षा वॉकर बरा. ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

टप्पा १: पायावर किती वजन? आधी विचारून घ्या

"जपून चाला" ही सूचना नव्हे. डॉक्टरांकडून यातलं नेमकं एक उत्तर घ्या आणि फाइलवर लिहून घ्या: पाय अजिबात टेकायचा नाही, नुसता अंगठा टेकायचा, थोडं वजन टाकायचं (किती किलो?), की सोसेल तेवढं टाकायचं. चालण्याची पद्धत यावरून ठरते.

"२० किलोपर्यंत" असं सांगितलं असेल तर तो अंदाज घरी बसवता येतो. वजनकाटा जमिनीवर ठेवा, शेजारी तेवढ्याच उंचीचा न हलणारा पाट. चांगला पाय पाटावर, दुखरा काट्यावर, कुबड्या दोन्ही हातांत, आणि आधाराला कुणीतरी जवळ. हळूहळू भार टाकत काटा २० वर आणा. बहुतेकांना धक्का बसतो, कारण "थोडंसंच टेकवलं" म्हणताना काटा ३५ दाखवतो. दहा-बारा वेळा केलं की पायाला ते वजन ओळखू येतं.

टप्पा २: कुबडी उलटी करून बघा

भाड्याने आणलेली असो, मागून आणलेली असो की नवी, आधी खालचं रबरी बूच बघा. त्यावर गोल-गोल खाचा दिसल्या पाहिजेत. एका बाजूने चंद्रकोरीसारखं झिजलं असेल, रबर कडक होऊन तडकलं असेल किंवा आतला धातू दिसत असेल तर ते फेका. सर्जिकल सामानाच्या दुकानात नवं बूच मिळतं आणि कुबडीच्या मानाने अगदी स्वस्त पडतं. दोन्ही एकदम बदला.

मग उंचीची बटणं. दोन्ही बाजूंची बटणं भोकातून पूर्ण बाहेर आलीत ना? "टक्" असा आवाज आला पाहिजे. अर्धवट अडकलेलं बटण तीन दिवस टिकतं आणि चौथ्या दिवशी जिन्यावर दगा देतं. मुठीचा नट हाताने घट्ट पिळा, आणि दर दोन दिवसांनी पुन्हा पिळा, कारण चालताना तो सैल होतो.

तपासा: कुबडीवर किती किलोपर्यंत चालेल याचं लेबल असतं. वजन जास्त असलेल्यांनी ते वाचल्याशिवाय कुबडी घेऊ नये.

टप्पा ३: माप

इथे घाई करू नका. पंधरा मिनिटं जातील, पण पुढचे सहा आठवडे बरे जातील.

सुरुवातीचा अंदाज असा: उंचीतून ४० सेंमी वजा करा. ५ फूट ४ इंच म्हणजे साधारण १६३ सेंमी, तर कुबडी अंदाजे १२३ सेंमी. तेवढ्यावर बटणं लावा आणि मग अंगाला लावून बघा. हे काम दुसऱ्या माणसानेच करायचं. स्वतः वाकून बघितलंत की माप बदलतं.

१. चांगल्या पायात बूट घाला. ज्या बुटावर पुढे चालणार आहात तोच. अनवाणी घेतलेलं माप बूट घातल्यावर चुकतं.

२. भिंतीला पाठ टेकून किंवा ओट्याला धरून सरळ उभे राहा, खांदे सैल सोडा. बहुतेक जण माप देताना फोटो काढायला उभं राहिल्यासारखे छाती काढतात. तसं नको.

३. कुबडीचं टोक पावलाच्या बोटांपासून साधारण १५ सेंमी बाहेर आणि थोडं पुढे ठेवा.

४. आता वरची गादी आणि काख यांच्यात दोन-तीन बोटं आडवी गेली पाहिजेत. म्हणजे ४ ते ५ सेंमी मोकळी जागा. कुबडी काखेला लागताच कामा नये.

५. हात खाली सैल सोडा. मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ हवी. मूठ धरल्यावर कोपर थोडा वाकलेला दिसला पाहिजे, २० ते ३० अंश.

पाचवी पायरी सगळ्यात जास्त राहून जाते. लोक कुबडीची उंची बदलतात आणि मूठ तशीच सोडतात. मूठ फार खाली असेल तर हात सरळ होतो, जोर लावायला जागा राहत नाही आणि अंग आपोआप काखेवर येतं. फार वर असेल तर खांदे कानाला लागतात आणि संध्याकाळी मान आखडते.

तपासा: आरशासमोर चार पावलं चाला. खांदे वर चढले तर कुबडी उंच. पाठीतून वाकलात तर बुटकी. दोन्ही कुबड्यांची भोकं मोजा, सारखीच हवीत.

कोपराला कडं असलेल्या कुबड्या असतील तर मुठीचं माप हेच, आणि कडं कोपराच्या खाली दोन-तीन सेंमीवर. कोपराच्या हाडाला ते घासत असेल तर एक भोक खाली घ्या.

सावधान: काख ही टेकायची जागा नाही

दंडाच्या हाडामागून हाताकडे जाणारी एक नस काखेतूनच उतरते. दिवसेंदिवस तिच्यावर भार पडला की मनगट वर उचलता येत नाही, हात लुळा लोंबतो. दाब थांबवला की हे बहुधा भरून येतं, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. पायासाठी घेतलेल्या कुबडीने हात घालवू नका. हाताच्या मागच्या बाजूला किंवा अंगठ्याला मुंग्या आल्या तर त्याच दिवशी थांबा, माप पुन्हा घ्या आणि डॉक्टरांना कळवा.

मग भार कुठे? तळव्यांवर. कुबडीचा वरचा भाग दंड आणि बरगड्या यांच्यात दाबून धरायचा, म्हणजे ती डगमगत नाही. वजन मात्र सगळं मुठींवर.

टप्पा ४: चालण्याआधी घर आवरा

पायपुसणी, सतरंज्या, चार्जरच्या वायरी, लहान मुलांची खेळणी: सगळं उचला. पायपुसणीवरून घरच्यांशी हमखास वाद होतो. "मग ओले पाय कुठे पुसायचे?" काही आठवडे दाराबाहेर पुसा. फरशीवर सरकणारं पायपुसणं म्हणजे कुबडीखाली ठेवलेली साबणाची वडी.

फरशी पुसण्याची वेळ ठरवून घ्या आणि ती पूर्ण वाळेपर्यंत पेशंटने उठायचं नाही. कामाला येणाऱ्या मावशींना हे स्वतः सांगा. दारातली रांगोळी बाजूला सरकवा. टाल्कम पावडर लावायची तर पलंगावर बसून, आणि सांडलेली लगेच ओल्या फडक्याने टिपा. टाइल्सवर पावडर पाण्याइतकीच घातक.

बसायची जागा गुडघ्याच्या उंचीची किंवा थोडी वर. जमिनीवरची गादी आणि खालचा पाट सध्या बंद. पलंग बुटका असेल तर वर आणखी एक गादी टाका. हातांची खुर्ची हवी, तीही भिंतीला टेकवलेली. चाकांची ऑफिसची खुर्ची अजिबात नको.

चांगल्या पायात मागून पट्टा असलेली, रबरी तळाची पादत्राणं, घरातसुद्धा. "घरात चप्पल कशी घालायची" म्हणणाऱ्या आजी असतील तर नवी जोडी आणून ती घरापुरतीच ठेवा. हवाई चप्पल नको, आणि नुसते मोजे तर नकोच. गाऊन, परकर, लुंगी घोट्याच्या वर. ओढणी मुठीत अडकते, ती काढून ठेवा.

टप्पा ५: उठा, चाला, बसा

उठताना: खुर्चीच्या कडेला सरका. दोन्ही कुबड्या एकत्र करून दुखऱ्या बाजूच्या हातात मुठीपाशी धरा. दुसरा हात खुर्चीच्या हातावर. चांगल्या पायावर जोर देऊन उठा. उभे राहिल्यावर दोन श्वास थांबा, मग एकेक कुबडी जागेवर घ्या. बसलेले असतानाच दोन्ही काखांत कुबड्या घालून उठू नका. त्यात तोल पुढे जातो.

चालताना, पाय टेकायचा नसेल तर: दोन्ही कुबड्या एकदम सुमारे एक फूट पुढे. तळव्यांवर भार. मग चांगला पाय उचलून कुबड्यांच्या रेषेपर्यंत आणा. पहिले काही दिवस त्याच्या पुढे नाही. दुखरा पाय गुडघ्यात थोडा वाकवून अधांतरी.

थोडं वजन चालत असेल तर: कुबड्या आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे, मग चांगला पाय. दुखरा पाय नेहमी कुबड्यांच्या सोबतीने जातो, हे एवढं धरून ठेवा.

नजर समोर, पाच-सहा फुटांवर. पायाकडे बघत चाललात की पाठ वाकते. वळताना चांगल्या पायावर गर्रकन फिरू नका. छोटी छोटी तीन-चार पावलं टाकत वळा.

बसताना: मागे या, खुर्चीची कड चांगल्या पायाच्या पोटरीला लागेपर्यंत. मग कुबड्या एका हातात, दुसऱ्या हाताने खुर्ची चाचपा आणि हळू बसा. धप्पकन बसण्याने प्लास्टरला हिसका बसतो.

पहिल्या दिवशी एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरे. हात आणि छाती दुखतील. न वापरलेले स्नायू आहेत, दोन-चार दिवसांत सरावतात. विश्रांतीत पाय लोंबता ठेवू नका. पडून, टाचेखाली नव्हे तर पूर्ण पोटरीखाली दोन-तीन उशा किंवा लोड घेऊन, पाय छातीपेक्षा वर.

काखेतल्या कुबड्या भिंतीला टेकवताना उलट्या, गादी खाली करून ठेवा. तशा त्या घसरून पडत नाहीत. आणि हात पोचेल इतक्या जवळ ठेवा. रात्री अंधारात कुबडी शोधायला एका पायावर उड्या मारत जाणं हा पडण्याचा सोपा मार्ग आहे.

टप्पा ६: न्हाणीघर आणि संडास

घरातल्या घरात मला सगळ्यात भीती याच दोन खोल्यांची वाटते.

१. अंघोळीआधी फरशी कोरडी पाहिजे. पेशंट कोरड्या फरशीवर आत जाणार, बसणार, आणि मगच पाणी येणार.

२. आत प्लास्टिकची, पाठ आणि हात असलेली खुर्ची. तिच्या पायांना रबरी टोप्या लावा. बुटका स्टूल चालणार नाही, त्यावरून उठता येत नाही.

३. बादली दुसऱ्या स्टुलावर ठेवा. जमिनीवरच्या बादलीतून तांब्या भरायला वाकताना तोल जातो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

४. प्लास्टरचा पाय तिसऱ्या स्टुलावर, पाण्याच्या धारेबाहेर. प्लास्टिकची पिशवी वर चिकटपट्टीने बांधा, पण तिच्यावर भरवसा ठेवू नका. पिशवी शिंतोड्यांपुरती आहे.

५. अंग पुसून, मग फरशी पुसून, मग उठायचं. फरशी पुसायचं काम दुसऱ्या कुणाचं.

सावधान: टॉवेलची दांडी आणि नळ हे आधाराला धरायचे नाहीत. चार स्क्रूंवरची ती दांडी टॉवेलाच्या वजनाची आहे. एका घरी मी ती भिंतीतून प्लास्टरसकट उपटलेली पाहिली, नशिबाने माणूस खुर्चीतच परत बसला. आधाराची मजबूत दांडी वेगळी मिळते, ती भिंतीत खोलवर बसवून घ्या.

भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उकिडवं बसण्याचा विचारही नको. भांड्यावर ठेवायची लोखंडी चौकटीची कमोड खुर्ची सर्जिकल दुकानात भाड्यानेही मिळते. दार आतून कडीने बंद करू नका. पडलात तर उघडायला कोण येणार? दार लोटा आणि गाणं म्हणा.

टप्पा ७: जिना

एवढं पाठ करा: चढताना चांगला, उतरताना दुखरा.

चढताना चांगला पाय आधी वर, मग दुखरा पाय आणि कुबड्या. उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी खाली, मग चांगला पाय. उलटं केलं तर दुखऱ्या पायावर अख्खं अंग येतं.

कठडा असेल तर एक हात कठड्यावर, दुसऱ्या काखेत एक कुबडी, आणि उरलेली कुबडी बरोबरच्या माणसाकडे. एकटे असाल तर ती त्याच हातात आडवी धरावी लागते. आधी दोन-तीन पायऱ्यांवर सराव केल्याशिवाय तसं करू नका.

मदतनीस नेहमी एक पायरी खाली: चढताना मागे, उतरताना पुढे. त्याने कमरेला धरायचं, पट्टा असेल तर पट्ट्याला. प्रेमापोटी दंड धरणारे बहुतेक वेळा कुबडीच ओढतात.

तिसरा मजला, लिफ्ट नाही, किंवा वाड्यातला अरुंद लाकडी जिना? मग बसून उतरा. पायरीवर बसायचं, चांगला पाय आणि दोन्ही हातांनी अंग उचलून खालच्या पायरीवर टेकायचं. चढताना तसंच, पाठमोरं. एका काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "सोसायटीतले बघतील." बघितलं लोकांनी. तळमजल्यावरच्या काकूंनी तर आधी उतरून पायऱ्या झाडून दिल्या.

टप्पा ८: आता कापड

माप बरोबर, भार तळव्यांवर, तरी थोडं घासतंच. आता पॅडिंगचा नंबर.

काखेसाठी: गादीवर सुती कापडाचा एकच पातळ थर, उशीच्या अभ्र्यासारखा शिवलेला, रोज बदलता येईल असा. घाम मुरलेलं कापडच कातडं सोलतं. बाह्यांचा सुती सदरा घाला. बिनबाह्यांच्या कपड्यात गादी थेट कातड्यावर घासते. कापड चढवल्यावर दोन-तीन बोटांची जागा पुन्हा मोजा. कमी झाली असेल तर कुबडी एक भोक खाली.

तळव्यांसाठी: मुठीवर क्रेप बँडेज सारख्या ताणाने गुंडाळा किंवा सायकलच्या हँडलचं मऊ कव्हर चढवा. सायकलस्वारांचे अर्ध्या बोटांचे हातमोजे पावसाळ्यात विशेष उपयोगी, ओली मूठ निसटत नाही. मूठ बोटांनी आवळू नका. भार तळव्याच्या मांसल भागावर, मनगट सरळ. करंगळी बधिर होत असेल तर मनगट बाहेर वाकतंय असं समजा. फोड आला तर फोडू नका, पट्टी लावा.

हात मोकळे राहत नाहीत ही दुसरी मोठी अडचण. शबनम पिशवी अंगावर तिरकी अडकवा किंवा पाठीवर सॅक घ्या. मुठीला पिशवी अडकवू नका, ती झुलते आणि कुबडी वाकडी पडते. चहा कपातून नेता येणार नाही. थर्मास सॅकमध्ये टाका आणि बसल्या जागी ओता. स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसून काम करा, भांडी ओट्यावरूनच सरकवा.

टप्पा ९: घराबाहेर

रिक्षात आधी पाठ करून बुड टेकवा, मागे सरका, मग पाय आत, शेवटी कुबड्या. शेअर रिक्षा टाळा. पावसात बाहेरून आलात की दारातच थांबून दोन्ही बुचं पुसा. त्यासाठी एक फडकं दाराच्या कडीला टांगून ठेवा. ओलं बूच कोरड्या टाइल्सवर घसरतं तेव्हा सावरायला वेळच मिळत नाही.

सावधान, यात वाट बघायची नाही: पोटरी दुखणं, सुजणं आणि गरम लागणं. बोटं निळी, गार किंवा बधिर पडणं. पाय वर ठेवूनही प्लास्टर आवळत जाणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ रुग्णालयात.

टप्पा १०: एक कुबडी सोडताना

हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतील तेव्हाच. "आता बरं वाटतंय" एवढ्यावर नाही. उरलेली कुबडी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. जवळजवळ प्रत्येक जण ती दुखऱ्या बाजूला धरतो, आणि मग अंग त्याच पायावर झुकतं. लंगडत असाल तर दोन कुबड्यांवर परत या. सगळं ठीक असेल तर दोन-चार दिवस घरात एक, बाहेर दोन.

आणि कुबड्या माळ्यावर टाकण्याआधी बुचं काढून वाळवा, काखेची कापडं काढा, आणि एका चिठ्ठीवर तुमची उंची लिहून मुठीला बांधा. कुणी मागायला आलं तर निदान त्यांना कळेल, की हे माप त्यांचं नाही.